सोलापूरच्या गाडीतलं गाऱ्हाणं

हात पुढं करायच्या आधी तो काठी बगलेत मारायचा, डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचा, "बोला, देवाकडं काय मागू?"

भिकारी आधी मागतो आणि मग आशीर्वाद देतो, एवढंच मला माहीत होतं. हा आधी विचारायचा. त्या काळात तुम्ही रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरला असाल तर तुम्हालाही त्यानं गाठलं असेल, आणि तुम्हीही माझ्यासारखे बॅग घट्ट धरून दोन पावलं मागं सरकला असाल.

मी तेव्हा स्टँडजवळच्या दुचाकींच्या वाहनतळावर कामाला होतो. वर पत्र्याची शेड, बसायला एक लोखंडी खुर्ची आणि खोक्यात आकडे घातलेले पत्र्याचे बिल्ले. एक बिल्ला गाडीच्या हँडलला अडकवायचा, त्याच आकड्याचा दुसरा गाडीवाल्याच्या हातात द्यायचा. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, तरी स्टँडवरची गर्दी काही हटली नव्हती. वाहनतळाचा ठेका ज्यांच्याकडं होता त्या काकांची आंब्याची बाग होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, आकडे लिहिता येतात का. आठवीपर्यंत शिकलोय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दाखवली आणि शेडमागची खोलीही दिली. कुठून आलास, का आलास, काही विचारलं नाही. ह्या उपकाराची फेड मला अजून जमलेली नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि मला खोटं धड बोलता येत नाही.

मी घरातून पळून आलो होतो, ते आधीच सांगून टाकतो.

माझं गाव मंगळवेढ्याकडची खडकी. त्या वर्षी जोंधळा काढून झाल्यावर अवकाळी पाऊस पडला आणि रानातल्या खोडांना हिरवेगार फुटवे आले. ते फुटवे बैलानं खाल्ले की त्याला किराळ लागते. पोट फुगतं, पाय लटपटतात, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी तर बावीस वर्षांचा घोडा. तरी त्या दुपारी जोडी त्याच रानात सोडून मी लिंबाखाली झोपलो. उठलो तेव्हा डावा बैल आडवा पडला होता आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्या शिंगावर हात ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. मारलं असतं तर मी राहिलो असतो. मी चपला घातल्या आणि निघालो.

त्यानंतर घरी पत्र नाही, फोन नाही. मी जिवंत आहे हेसुद्धा आईला कळवलं नव्हतं. संध्याकाळी सोलापूरची गाडी स्टँडात शिरली की मी शेडच्या मागं जाऊन उभा राहायचो. ओळखीचं कोणी उतरलं तर काय, म्हणून ती रिकामी होईपर्यंत बाहेर यायचो नाही.

अशा माणसापुढं तो म्हातारा येऊन उभा राहिला. मी घाईनं एक नाणं पुढं केलं. त्यानं घेतलं नाही.

"असं फुकट घेत नाय मी. काय मागू ते सांग आदी."

मी म्हटलं, काही नको. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "काय नको असलेला माणूस ह्या स्टँडवर नाय आला अजून. घाटावरचा हायस?"

काकांनी जे महिन्याभरात विचारलं नव्हतं ते ह्यानं एका दमात ओळखलं. मग तो म्हणाला की नाणं तुझ्याकडंच ठेव, सुचलं की हाक मार. आणि गेला. भिकाऱ्यानं मला परतवलं होतं. मी ते नाणं हातात धरून बराच वेळ बसून राहिलो.

मग हळूहळू मला त्याच्या कामाची रीत कळली. आमच्याकडं देवाला मनातल्या मनात सांगतात. कोकणात मोठ्यानं सांगतात, आणि तेही दुसऱ्याकडून. देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस ठरलेला असतो. कोणाचं, कुठल्या गावचं, काय अडलंय, ते सगळं तो देवापुढं खणखणीत मांडतो आणि भोवतीची मंडळी मधूनमधून "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. ह्या म्हाताऱ्यानं हे सगळं देवळातून उचलून रस्त्यावर आणलं होतं. भोवती मंडळी नसली तर तो जाणाऱ्या-येणाऱ्याला काठीनं अडवून उभं करायचा. नाव आणि गाव मात्र पक्कं लागायचं. ते न सांगणाऱ्याला तो हटकायचा, "पत्त्याबिगर देव कोनाचं घर शोधील?"

त्याचा आवाज एवढा मोठा की तिकीट खिडकीवरची रांग मागं वळून बघायची. लोक आपलं अडलेलं त्याच्या कानात सांगायचे आणि पुढच्या क्षणाला ते अख्ख्या स्टँडला कळायचं. पहिल्या खेपेला माझी बोबडीच वळली. एका प्राथमिक शिक्षिकेनं बदलीसाठी म्हणून त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ह्या बायची बदली पालीला होऊ दे, तिच्या घोवाचं दुकान तिथं हाय, आनि सासू काय हिला सुखानं राहू देत नाय, तर सासूलाही जरा समज दे म्हाराजा. भोवतीचे चार रिक्षावाले "व्हय म्हाराजा" म्हणाले. बाई लालबुंद झाल्या. सासूचं मी बोललेच नव्हते, असं त्या पुटपुटल्या. म्हातारा म्हणाला, बोलली नायस, पन होतंच की.

दोन महिन्यांनी बाई तावातावानं परत आल्या. बदली झाली होती, पण पालीला नाही, थेट दापोलीकडं आंजर्ल्याला. मला वाटलं आता म्हाताऱ्याची कंबख्ती भरली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आंजर्ल्याला कड्यावर गणपती हाय ना? मग आता तूच जाऊन सांग. मला कशाला मदी घेतेस?" बाईंना हसू आवरेना. जाताना त्याला नमस्कारही करून गेल्या. शिव्या खाण्याच्या जागी नमस्कार घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

एकदा आखाताहून सुटीवर आलेला एक मुसलमान तरुण परत निघाला होता. त्याचा काहीतरी व्हिसाचा घोळ होता. तो हसत म्हणाला, चाचा, माझ्यासाठीपण सांगाल का? म्हाताऱ्यानं नाव-गाव विचारून घेतलं आणि वर तोंड केलं, "ह्याला जो कागद पायजे त्याचं नाव मला घेता येत नाय म्हाराजा, तू समजून घे." त्या तरुणानंच सगळ्यात मोठ्यानं दुजोरा दिला.

आणि तो हवालदार. स्टँडवरचे भिकारी हटवायचा हुकूम निघाला म्हणून तो काठी आपटत आला. म्हाताऱ्यानं त्यालाही तोच प्रश्न केला. हवालदारानं इकडंतिकडं बघितलं, खाली वाकला आणि काहीतरी कुजबुजला. मी मनात म्हटलं, अरे बाबा, ह्याच्यापाशी कुजबुजून काय उपयोग. झालंच. हवालदारसाहेबांची बायको रुसून माहेरी गेलीय, ही गोष्ट सकाळी दहा वाजता रत्नागिरी डेपोत जाहीर झाली. हवालदार टोपी हातात घेऊन उभा होता आणि "व्हय म्हाराजा" म्हणत होता. त्यानंतर म्हाताऱ्याला हटवायला कोणी आलं नाही.

मला एकच कळत नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, बाबा, तुम्ही स्वतःसाठी काय मागता? तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याच्या घरात न विचारता शिरलोय. "आपलं आपन नसतं मागायचं," म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला.

असं करता करता चार वर्षं गेली. रोज तो माझ्या खुर्चीजवळ सावलीला यायचा, त्याच्या थाळीतला भात मला द्यायचा, मी ताप येऊन पडलो तेव्हा कुठूनतरी पेज मागून आणायचा. आणि रोज विचारायचा, सुचलं काय? मी नाही म्हणायचो. मला भीती त्याच्या आवाजाची होती.

आषाढात आमच्याकडं बेंदूर असतो, बैलांचा सण. त्या दिवशी आई बैलांना ओवाळायची. त्या वर्षी मला सकाळपासून जेवण जाईना. पावसानं गिऱ्हाईकही नव्हतं. म्हातारा शेजारी येऊन बसला, काही न विचारता. आणि मी सगळं सांगून टाकलं. रान, फुटवे, लिंबाखालची झोप, आण्णांचा शिंगावरचा हात, गाव, नाव, सगळं. सांगून झाल्यावर मी त्याचे पाय धरले आणि म्हटलं, हे देवाला सांगू नका. कोणाचं तरी ऐकण्यात येईल. त्यानं माझे हात पायांवरून सोडवले. मग म्हणाला, "बरं. देवाला नाय सांगत."

मला हलकं वाटलं. एक आठवडा मी सोलापूरची गाडी आली तरी जागचा हललो नाही.

पुढं एका सकाळी काकांनी मला कसलंतरी पार्सल गाडीत द्यायला फलाटावर पाठवलं. शेजारीच सोलापूरची गाडी उभी होती, निघायच्या बेतात. आतून ओळखीचा आवाज आला.

"मंगळवेढ्याच्या खडकीचा नामू म्हाराजा. त्याच्या हातून बैल गेला, त्या भयानं हितं लोकांच्या गाड्या राखत बसलाय. पोरगा जिता हाय, हे त्याच्या आयशीला सांगनारं कोन नाय. तर ह्या गाडीतल्या कोनाच्या तरी पायाला त्या गावची वाट लागू दे म्हाराजा."

गाडीत सगळी घाटावरची माणसं. त्यांना काय म्हणायचं ठाऊक नव्हतं, ती नुसती बघत होती. कंडक्टर तेवढा इकडचा. घंटीच्या दोरीला हात लावून त्यानं "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मग टण् टण् केलं.

मी म्हाताऱ्याला दंडाला धरून खाली ओढलं. पुढं काय बोललो ते लिहायची लाज वाटते. मी त्याला विश्वासघातकी म्हटलं, भिकारडा म्हटलं. तो टोपी सारखी करत ऐकत राहिला. मग म्हणाला, "देवाला सांगू नको म्हनालास, नाय सांगितलं. देव काय सोलापूरच्या गाडीनं जात नाय. मानसं जातात." मी म्हटलं, पण तुम्ही म्हाराजा म्हाराजा करत होता की. म्हणाला, "त्याबिगर मला बोलायला येत नाय."

दुसऱ्या दिवशी त्या कंडक्टरनं आणखी एक सांगितलं. बेंदरापासून म्हातारा रोज त्या गाडीत चढत होता. आणि त्या गाडीत कोणी काही देऊ केलं तरी घेत नव्हता.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पिशवी भरून काकांकडं गेलो, काम सोडतो म्हणून. काका म्हणाले, खोली गळते का? पत्रा बदलून देतो. एवढंच. ज्यांनी चार वर्षं काही न विचारता मला सांभाळलं त्यांना काय सांगणार? मी पिशवी परत नेऊन खोलीत ठेवली. पण संध्याकाळच्या गाडीला पुन्हा लपू लागलो.

गणपती झाले आणि दसरा यायचा होता. उन्हं उतरताना सोलापूरची गाडी आली. शेडच्या मागं जायला उशीर झाला, म्हणून मी स्कूटरींच्या रांगेमागं खाली बसलो. गाडीतून धोतर, पांढरी टोपी आणि खांद्यावर घोंगडं असलेला एक माणूस उतरला. आण्णा. त्यांनी आयुष्यात पंढरपूर-सोलापूरपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. खाली उतरून ते माझ्या आठवणीतल्यापेक्षा अंगानं कितीतरी लहान दिसत होते.

आणि त्यांच्यासमोर, काठी बगलेत मारून, म्हातारा जाऊन उभा राहिला. "बोला, देवाकडं काय मागू?"

माझ्यापासून दहा पावलांवर हे चाललं होतं. आमचे आण्णा दिवसाकाठी दहा शब्द बोलणारे. मला वाटलं, हात झटकून पुढं जातील. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवलं. आपलं नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग म्हणाले, "माझं पोरगं हितं हाय म्हणत्यात. त्येला कळू द्या, बैल त्येच्यामुळं गेला न्हाई. त्येनं मला इचारलं हुतं, कुठं सोडू. मी बोललो न्हाई, नुसता हात केला. मला बांधावर सोड म्हणायचं हुतं. हातापुढं रान बी हुतं. तोंडानं सांगायला पायजे हुतं मी. चार वर्सं झाली, हे कुणाला बोललो न्हाई."

मी विचारलं होतं? मला हे आठवतच नव्हतं. बैल पडल्यापासून त्याआधीची सगळी दुपार माझ्या डोक्यातून पुसून गेली होती. चार वर्षं मी एका झोपेचा गुन्हेगार म्हणून लपत होतो, आणि तिकडं हा माणूस स्वतःच्या हाताकडं बघत बसला होता.

रिक्षावाले जमले होते, दुजोरा द्यायला तयार. म्हातारा तोंड उघडेना. सगळ्या स्टँडनं पहिल्यांदाच त्याला गप्प पाहिलं. शेवटी तो अगदी हळू बोलला. त्याला हळू बोलता येतं, हेही मला त्या दिवशी कळलं.

"ह्ये गाऱ्हानं मी नाय घालनार. त्या निळ्या स्कूटरमागं बसलाय, त्यालाच सांगा."

मी उठलो. आण्णा माझ्याकडं बघेनात, आणि मीही त्यांच्याकडं बघेना. ते रांगेशी आले, निळ्या स्कूटरच्या सीटवर त्यांनी हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"ह्या समद्या तू राखतोस?"

मी हो म्हटलं.

"लई हैत की," म्हणाले.

निरोप पोचला तो असा. सांगोल्याकडचा एक माणूस लग्नाला रत्नागिरीला आला होता. त्याचं ना आमच्या गावात कोणी, ना आमच्याशी काही नातं. गाडीत ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जाईना, म्हणून तो वाट वाकडी करून सायकलवर खडकीला गेला आणि आमच्या दारात पाणीही न घेता सांगून परतला. त्याचं नाव आईला विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी आण्णांबरोबर गावाला गेलो. निघताना म्हाताऱ्याला शोधलं. तो एका कॉलेजच्या पोरीला नाव-गाव विचारत होता. मी लांबूनच हात जोडले. गाडी सुटत होती, आणि त्या दिवशीच्या शिवीगाळीची माफी चारचौघांत मागायला मला संकोच वाटला. परत आलो की निवांत मागू, असं मी ठरवलं.

दिवाळी करून परत आलो. काकांना शब्द दिला होता. आईनं म्हाताऱ्यासाठी शेंगांच्या पोळ्या आणि कारळ्याची चटणी बांधून दिली होती. म्हातारा नव्हता. रिक्षावाल्यांना वाटत होतं तो चार दिवसांपूर्वीच दिसला होता. हवालदार म्हणाला, छे, दिवाळीच्या आधीपासूनच नाही. कंडक्टरला तर तो गेलाय हेच माहीत नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून पेन हातात घेतलं आणि नाव विचारलं. मी तसाच परत आलो.

सगळ्या स्टँडवर फिरून विचारलं. ज्यानं हजारो माणसांची नावं आणि गावं वर पोचवली त्याचं स्वतःचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. पोळ्या टिकल्या तेवढे दिवस ठेवल्या, मग रिक्षावाल्यांना वाटल्या.

एक पानवाला म्हणाला, बोलण्यावरून तो राजापूरकडचा वाटायचा, नाटे बंदराच्या बाजूचा. पुढच्या सुटीला मी नाट्याची गाडी धरली. बंदरावर उतरलो तेव्हा दुपार होती. जेट्टीवर काही माणसं जाळी सांधत होती आणि एक मुसलमान बाई सुकट पसरत बसली होती. मी तिला विचारलं, इथला एक म्हातारा माणूस, उंच, टोपीवाला, मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालणारा, तुमच्या ओळखीत आहे का?

"नाव काय त्याचा?"

ठाऊक नाही, मी म्हटलं.

"वाडी खंयची?"

तीही ठाऊक नाही. ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, भाऊ, नाव नाय, वाडी नाय, मी तरी कोणाला ओळखू? तुझा कोण लागतो तो? ह्याचंही उत्तर मला देता आलं नाही. माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोणास ठाऊक. ती उठली, पदर खोचला, जेट्टीच्या कडेला गेली आणि बोटींच्या दिशेनं तोंड करून तिनं हाक घातली.

"अरे ऐकलांव काय, ह्या घाटावरच्या मानसाचा म्हातारा हरवलाय."

जाळी सांधणारे हात थांबले. बोटींवरून माणसं उठून उभी राहिली, आणि सगळी माझ्याकडं बघू लागली.